मोजण्याआधी तांब्याभर पाणी

मी मोटारीची मोजकाठी बोलतेय. पण त्याआधी एक सांगा, तुम्ही आत्ता कुठे उभे आहात? सपाटीवर की उतारावर? हसू नका. माझं ऐकून झाल्यावर तुम्हीही कोणावर बोट दाखवण्याआधी पायाखाली पाहाल.

मी कोणावर पटकन विश्वास ठेवत नाही. स्वभावच तसा झाला, आणि त्याला कारण आहे.

माझा जन्म गज म्हणून झाला. जुन्या जालन्यात एका कापडाच्या दुकानात मी सागवानी गज म्हणून मिरवत असे. तेव्हा मी ‘तो’ होतो. आमचा दुकानदार मोठा गोड बोलणारा. कापड मोजताना तो मला गिऱ्हाइकाच्या अगदी नाकासमोर धरायचा. "पाहून घ्या, गज बराबर आहे की नाही!" गिऱ्हाईक मला डोळे फाडून पाहायचं. कापड ताणून धरणाऱ्या दुकानदाराच्या अंगठ्याकडे मात्र कोणी पाहत नसे. घरी जाऊन अंगरखा बेतायला घेतला की कापड कमी भरायचं आणि शिव्या मला बसायच्या.

एक दिवस असाच एक शेतकरी कापड परत घेऊन आला. भांडण झालं, ओढाताण झाली, मी मधोमध मोडलो. एक तुकडा चुलीत गेला. दुसरा ओट्याखाली पडला. तो गज संपला आणि ही काठी उरली. तेव्हापासून मी ‘ती’ आहे.

त्या वेळी दुकानात मार्तंडराव उभे होते. मोटारीच्या खिडक्यांना पडदे करायचे म्हणून जाडं कापड घ्यायला आलेले. त्यांनी मला उचललं, वाकडी तर नाही ना म्हणून डोळ्यासमोर धरून पाहिलं आणि दुकानदाराला म्हणाले, "हा तुकडा तुमच्या काही कामाचा नाही. मी नेतो." फुकट मिळालेली वस्तू मार्तंडराव सोडत नसत.

फसली तेराशे सेहेचाळीस, म्हणजे इंग्रजी छत्तीस-सदतीस सालची ही गोष्ट. मार्तंडराव आधी एका रुईच्या पेढीवर कारकून होते. नोकरी सोडून त्यांनी एक जुनी मोटार घेतली आणि जालना ते टेंभुर्णी, राजूरमार्गे, सर्व्हिस सुरू केली. मोटार अशी की तिच्यात पेट्रोल किती आहे हे सांगणारा काटा मुळातच नव्हता. टाकी ड्रायव्हरच्या बैठकीखाली आडवी, आणि तिचं तोंड उजव्या टोकाला. बैठक उचलायची, झाकण काढायचं, काठी बुडवायची, बाहेर काढायची आणि ओल कुठवर आली ते पाहायचं. ते काम माझं.

मार्तंडरावांनी माझ्यावर खाचा पाडल्या त्या मन लावून. स्टेशनाजवळ एका कडुलिंबाखाली सपाट जागा होती, तिथे मोटार उभी असायची. टाकी कोरडी करून त्यात मापाने पेट्रोल ओतत गेले आणि प्रत्येक मापाला चाकूने एकेक खाच करत गेले. पाचव्या खाचेपर्यंत भरलं की टेंभुर्णीला जाऊन येऊन संध्याकाळी दोन खाचा शिल्लक राहत. हा हिशेब कधी चुकला नाही. मार्तंडराव कौतुकाने म्हणत, "माणूस बोलतो ते खरं-खोटं करून पाहावं लागतं. काठीचं तसं नाही. काठी खोटं बोलत नाही."

ते तसे फार सावध गृहस्थ. डबा घेताना त्याचं सील बोटाने दाबून पाहत. पेट्रोलचे चार थेंब कागदावर टाकत आणि वाळेपर्यंत तिथेच उभे राहत. कागद कोरडा झाला तर ठीक. तेलकट डाग राहिला तर त्यात घासलेट मिसळलंय म्हणून डबा परत. मोटारवाल्यांनो, ही युक्ती आजही कामाची आहे. वासावर जाऊ नका, वास सगळ्यांचा सारखाच येतो.

आणि उतारूंनो, तुमच्यासाठी चतुराबाईचं ऐका. ती बांगड्यांचा धंदा करायची. जालन्यात माल भरायचा आणि टेंभुर्णीच्या बाजारात विकायचा. तिच्याइतकी काटकसरी उतारू मी दुसरी पाहिली नाही. नव्या बायकांना ती मोटारीत बसल्या बसल्या शिकवायची.

"हे पाहा माय, ‘आत्ता सुटती, आत्ता सुटती’ म्हणत्यात, त्याच्यावर जाऊ नको. डायव्हरनं हँडल मारल्याबगर मी मोटारीत बूड टेकवत न्हाई. आन भाडं इचारलं तं आधी इचारायचं, हाली का कलदार? न्हाईतं बसताना निजामाचा रुपया आन उतरताना इंग्रजाचा मागत्यात. मागच्या बाकड्यावर बसू नको, हाडं खिळखिळी व्हत्यात. आपलं गाठोडं आपणच बांधायचं, दुसऱ्याच्या गाठीचा भरोसा न्हाई."

मला ती बाई आवडायची. माझ्याच जातीची वाटायची.

मग दोन गोष्टी एकदमच घडल्या. लिंबाखालच्या जागेवर कोणाची तरी वखार उभी राहिली, म्हणून मार्तंडरावांनी एका बंद जिनिंग कारखान्याचं आवार भाड्याने घेतलं. आणि त्याच आठवड्यात आधीचा ड्रायव्हर नांदेडला लेकाकडे गेला, म्हणून त्यांनी नवा ठेवला. त्याचं नाव कचरू. हसनाबादच्या शेतकऱ्याचा मुलगा. मोटार चालवायला औरंगाबादेत शिकलेला, बोलायला कमी. घरच्यांचं म्हणणं, शेती सोडून हा लोखंडामागे लागला. त्यामुळे ही नोकरी टिकवून दाखवायची, एवढंच त्याच्या डोक्यात होतं.

नव्या आवाराचं फाटक पूर्वेला होतं. मार्तंडरावांचा एक नेम होता. सकाळी मोटारीचं तोंड पूर्वेला पाहिजे. चाकांवर पाणी, कुंकू, उदबत्ती, आणि मगच झाकण उघडून माझी बुडी. संध्याकाळी कचरू फाटकातून आत यायचा आणि नाकासमोर मोटार उभी करायचा. तोंड पश्चिमेला. तिथेच मार्तंडराव मला पुन्हा बुडवत.

पहिल्याच संध्याकाळी मी जवळजवळ कोरडी बाहेर आले.

मार्तंडरावांनी मला पुसलं आणि पुन्हा बुडवलं. तेच. दोन खाचांचं पेट्रोल राहायला हवं होतं, आणि टोकाला नुसती ओल. दुसऱ्या दिवशी तेच झालं, तिसऱ्या दिवशीही तेच.

"कचरू, राजूरला किती वेळ थांबलास?"

"नेहमीएवढाच, मालक. माणसं उतरली, गाडीला पाणी पाजलं, निघालो."

"गाडीला पाणी पाजलंस. पेट्रोल कुणाला पाजलंस?"

कचरू हसला. त्याला थट्टा वाटली. मार्तंडराव हसले नाहीत, तेव्हा त्याचंही हसू गेलं.

खरं सांगते, संशय मलाही आला. मी तर कापडाच्या दुकानातून आलेली. माणूस कुठल्या अंगठ्याने काय ताणतो हे मी जवळून पाहिलेलं. राजूरला मोटार थांबली की मी बैठकीखाली कान देऊन असायची. रबरी नळीचा आवाज येतो का, झाकण फिरतं का? काही ऐकू यायचं नाही. पण ऐकू न आल्याने संशय कमी होत नाही, उलट वाढतो. चोर फारच हुशार दिसतो, असं वाटायला लागतं.

शेवटी मार्तंडरावांनी चतुराबाईला बाजूला घेतलं.

"चतुराबाई, तुमची नजर बारीक आहे. पुढच्या बाकड्यावर बसा आणि कचरूवर लक्ष ठेवा. पेट्रोल काढतो का ते पाहा."

"म्हंजी मी चोर धरायचा? मी काय पोलीसपाटील हाय?"

"धरायचा नाही. फक्त पाहायचं. तेवढे दिवस तुम्हाला भाडं पडणार नाही."

"मंग डोळे पार फाडून पाहते, रावसाहेब."

तिने खरंच पाहिलं. पहिल्याच फेरीत तिची खात्री पटली की कचरू पेट्रोलला हात लावत नाही. तो तर राजूरला खाली उतरून तंबाखूसुद्धा खात नव्हता. पण हे सांगितलं असतं, तर दुसऱ्या दिवसापासून तिला भाडं पडलं असतं. चतुराबाई संध्याकाळी येऊन सांगायची, "आज तं काही दिसलं न्हाई. पण माणूस लई शांत हाय बरं. अजून दोन फेऱ्या पाहते."

मार्तंडराव मान हलवत. शांत माणूस. हेसुद्धा त्यांनी कचरूच्या नावावर मांडलं.

टेंभुर्णीच्या बाजाराच्या दिवशी जाता-येता मोटार गच्च भरलेली होती. टोपल्या, गाठोडी, टपावर माणसं. परतताना जालना दिसायला लागलं आणि मोटारीने दोन आचके दिले, खोकली आणि बंद पडली. कचरूने बैठक उचलून मला आत घातलं. मी कोरडी ठणठणीत बाहेर आले.

तो माझ्याकडे पाहतच राहिला. टाकीखाली आडवा होऊन त्याने सगळीकडून हात फिरवला. गळती कुठेच नव्हती. "सकाळी मालकानं पाचव्या खाचेपातूर भरलं. माह्या डोळ्यासमोर. मंग गेलं कुठं?" हे तो कोणाला म्हणाला नाही, मलाच म्हणाला. पण मला काय सांगता येतं? ओल कुठवर आहे, एवढंच.

उतारू ओरडत, ओझी डोक्यावर घेऊन भर उन्हात चालायला लागले. "मोटार हाय का म्हातारी म्हैस!" असं कोणीतरी म्हणालं. नेहमी सगळ्यांच्या आधी तोंड उघडणारी चतुराबाई आपल्या गाठोड्यावर गप्प बसून होती.

रस्त्याने जाणाऱ्या एका मोटारीकडून पेट्रोल मिळवून कचरूने मोटार परत आणली, तोवर बातमी त्याच्याआधी जालन्याला पोचली होती. मार्तंडराव मोटारस्टँडवरच उभे होते. भोवती हमाल, उतारू आणि दुसऱ्या मोटारींचे ड्रायव्हर.

"कचरू, आज तर बिलकुल हद्द झाली. रस्त्यात माणसं उतरवायची वेळ आणलीस! किती दिवस विकतोयस माझं पेट्रोल?"

"मी इकलं न्हाई, मालक."

"काठी खोटं बोलत नाही."

"काठी खोटी असंल असं मी कधी म्हन्लो?"

मार्तंडराव चतुराबाईकडे वळले. "तुम्ही पुढेच बसत होतात. सांगा ना सगळ्यांसमोर. काय पाहिलंत?"

सगळा स्टँड चतुराबाईकडे पाहत होता. तिने पदर सावरला. "मी... समदाच वेळ काही पाहत नव्हते, रावसाहेब. कधी डोळा बी लागतो माणसाचा."

एवढ्याने झालं. कोणीतरी "चोर" म्हणालं आणि बाकीचे हसले.

कचरूने मोटार सुरू करायचं हँडल काढून मार्तंडरावांच्या पायाशी ठेवलं. मला बैठकीखालून काढून त्यांच्या हातात दिलं. मग हळूच म्हणाला, "मालक, काठी खोटी न्हाई. मी बी खोटा न्हाई. मंग तिसरं कोन हाय, ते तुमी धुंडा."

आणि तो हसनाबादच्या वाटेला लागला.

दुसऱ्या दिवशी मार्तंडराव स्वतः मोटार घेऊन गेले. भीत भीत, बैलगाडीलाही वाट देत. राजूरला खालीसुद्धा उतरले नाहीत. संध्याकाळी आवारात येऊन मला बुडवलं, तर मी पुन्हा कोरडीच.

आता मार्तंडरावांना घाम फुटला. आता चोर कोण? त्यांना वाटलं, रस्त्यात तर कोणी टाकीला हात लावला नाही, म्हणजे चोरी आवारातच होत असणार. जिनिंगचा राखणदार असेल. शेजारचा असेल. त्यांनी जास्तीचं पेट्रोल भरून मला बुडवलं. मी तिसऱ्या खाचेपर्यंत ओली झाले. मग टाकीचं झाकण लावून त्यावर लाख वितळवून ओतली आणि स्वतःच्या अंगठीचा ठसा उमटवला.

सकाळी ठसा जसाच्या तसा होता. दोन हमाल बोलावून त्यांनी मोटार ढकलत फिरवली. तोंड पूर्वेला. मग लाख फोडून पूजेच्याही आधी, घाईघाईने, मला आत सोडलं.

मी पाचव्या खाचेपर्यंत भिजून वर आले.

मार्तंडरावांनी डोळे चोळले. मला पुसलं आणि पुन्हा घातलं. पाचवी खाच.

"अगं!" त्यांनी बायकोला, उमाबाईंना, हाक मारली. "पेट्रोल वाढलंय."

उमाबाई पूजेचं ताट घेऊन उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "म्हणजे चोर येऊन भरून गेला म्हणायचं. चांगला चोर मिळालाय तुम्हाला. त्याला जाऊ देऊ नका."

मार्तंडराव चिडले. पण पूजा तर करायलाच हवी होती. तांब्यातलं पाणी त्यांनी पुढच्या चाकावर ओतलं. ते चाकाखालून निघालं आणि सरळ, अजिबात न थबकता, मोटारीच्या उजव्या अंगाला मोरीकडे पळालं.

मार्तंडराव त्या पाण्याकडे पाहत राहिले. मग टाकीच्या तोंडाकडे पाहिलं. तेही उजव्या अंगाला. आवार मोरीकडे उतरतं होतं. सकाळी तोंड पूर्वेला असलं की टाकीचं तोंड उताराकडे, सगळं पेट्रोल तिकडे गोळा, आणि मी जास्त भिजत होते. त्यामुळे ते पाच खाचा समजून कमीच पेट्रोल भरत होते. संध्याकाळी तोंड पश्चिमेला. मग टाकीचं तोंड चढाकडे, पेट्रोल दुसऱ्या टोकाला, आणि मी कोरडी.

त्यांनी हमालांना मोटार पुन्हा फिरवायला लावली. मला बुडवलं. तिसरी खाच. पुन्हा फिरवली. पाचवी. हमाल एकमेकांकडे पाहून डोळे मिचकावत होते. मालकाला ऊन लागलं, असं त्यांना वाटलं असणार.

मग मार्तंडराव मोटारीच्या पायरीवर बसले. मी त्यांच्या मांडीवर होते.

"तिसरं कोण, ते सापडलं," एवढंच म्हणाले.

त्याच दिवशी ते मला घेऊन हसनाबादला गेले. कचरू शेतात वखर हाकत होता. बांधावर उभं राहून मार्तंडरावांनी सगळं सांगितलं. जमिनीवर माझ्याच टोकाने मोटार काढून दाखवली, मोरी काढून दाखवली.

कचरूने बैल थांबवले नाहीत. बांधापर्यंतची ओळ पुरी करून आला, तेव्हा म्हणाला, "मला काहून सांगून राह्यले, मालक? मला तं आधीच म्हाईत व्हतं मी चोर न्हाई म्हणून."

"अरे, मग चल परत."

"चोर म्हन्लं ते स्टँडावर. बांधावर न्हाई."

मार्तंडरावांचा चेहरा उतरला. चार लोकांत स्वतःची चूक सांगायची म्हणजे त्यांच्यासारख्या माणसाला मोटार विकण्याइतकंच कठीण. परतताना वाटेत ते माझ्यावरच्या खाचांवरून अंगठा फिरवत होते. मला वाटलं, हा माणूस आता दुसरा ड्रायव्हर शोधणार. सांगितलं ना, मी कोणावर पटकन विश्वास ठेवत नाही.

पण पुढच्या बाजाराच्या दिवशी कचरूला निरोप गेला आणि तो आला. लांब उभा राहिला. स्टँड भरलेला होता. रस्त्याच्या कडेला, उतारावर, मार्तंडरावांनी मोटार उभी केली आणि मला बुडवून उंच धरलं. "पाहा, कुठवर ओली आहे." मग सगळ्यांना हात लावायला लावून मोटार उलट फिरवली आणि मला पुन्हा वर धरलं. लोक पुढे आले. माझ्या अंगावरून बोटं फिरली. कापडाच्या दुकानानंतर इतक्या माणसांनी मला प्रथमच पाहिलं, आणि त्या दिवशी धरणाऱ्याच्या अंगठ्याकडेही पाहिलं.

"कचरूने माझं थेंबभर पेट्रोल घेतलं नाही," मार्तंडराव मोठ्याने म्हणाले. "मी काठीवर विश्वास ठेवला आणि जमीन पाहिली नाही. चोर म्हटलं ते मी परत घेतो."

गर्दीतून चतुराबाई पुढे आली. तिने कमरेची पिशवी सोडली आणि मार्तंडरावांच्या हातात रिकामी केली.

"फुकट बसल्याचं समदं भाडं हाय. हाली न्हाई, कलदार हाय." मग ती कचरूकडे वळली. "बाबा, म्या पहिल्याच दिवशी पाहिलं व्हतं की तू चांगला हायेस. भाड्यापायी गप ऱ्हायले. मला चार शिव्या दे."

कचरू म्हणाला, "शिव्या नको, मावशी. फक्त पुढच्या बाकड्यावर बसू नको. तुझ्या डोळ्यांचं लई वझं व्हतं." पहिल्यांदा स्टँड त्याच्या बाजूने हसला.

हँडल त्याने स्वतः उचललं.

त्या दिवसापासून आमच्याकडे नवा नेम सुरू झाला. मोजण्याआधी कचरू मोटारीशेजारी जमिनीवर तांब्याभर पाणी ओतायचा. पाणी थांबलं तर मला बुडवायचं, पळालं तर मोटार हलवायची. बाकीच्या ड्रायव्हरांनीही ते उचललं. हळूहळू जालन्याच्या स्टँडवर पेट्रोल मोजण्याआधी पाणी ओतायची रीतच पडून गेली.

लढाई आली. पेट्रोल चिठ्ठीवर मिळू लागलं. मोटारीच्या मागे कोळशाची भट्टी बसली आणि धुरावर ती चालू लागली, तेव्हा मला काही काम उरलं नाही. पुढे मार्तंडराव थकले, मोटार भंगारात गेली. कचरूने त्यांच्याकडून एकच वस्तू मागून घेतली, ती मी.

आता इंग्रजी अठ्ठेचाळीस साल उजाडलंय. हसनाबादला कचरूच्या घरी मी खिडकीला टेकण म्हणून उभी असते. तो आता नवी मोटार चालवतो. तिला काटा आहे. पेट्रोल किती ते काटाच दाखवतो म्हणे. कचरू त्याच्यावर विश्वास ठेवत नाही, आणि मीही नाही.

मागच्या महिन्यात त्याच्याकडे पाहुणा आला होता, जालन्याचा एक ड्रायव्हर. तो सांगत होता, "स्टँडावर आजबी समदे पाणी ओतत्यात बरं. मोजायच्या आधी मोटारीला पाणी दाखवायचं, शुभ असतंय. माह्या उस्तादानं सांगितलं."

"ओतलेलं पाणी कुठं जातंय ते पाहतो का?" कचरूने विचारलं.

"पाहायचं कशाला? ओतून हात जोडायचे."

कचरूने खिडकीकडे, माझ्याकडे पाहिलं.

म्हणून मला आज बोलावंसं वाटलं. मोटारवाल्यांनो, उतारूंनो, हात जोडायचे तर जोडा. पण पाणी ओताल तेव्हा क्षणभर थांबा, आणि ते कोणत्या बाजूला पळतंय, तेवढं पाहा.